पाणी फिकं की मापक खोटं? घरच्या टाकीतला खारेपणा नीट मोजायचा कसा



आपले काही सभासद होडीतून समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणतात आणि घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना देतात, हे तुम्हाला माहीत आहेच. धंदा फार मोठा नाही. पण १ जूनला बंदी लागायच्या आधी लोक पाण्याचा साठा करतात, तेव्हा चार पैसे सुटतात. आणि दरवर्षी त्याच सुमारास तीच तक्रार येते, "तुमचं पाणी फिकं आहे. समुद्राचं म्हणून खाडीचं दिलंत."

हा आरोप साधा नाही. पाणी आणणारा माणूस पहाटे बाहेर जाऊन, कॅन उचलून, भर उन्हात घरपोच देतो आणि वर खोटारडा ठरतो. म्हणून आजचा धडा खारेपणा मोजण्यावर. आणि मी तो लिहितोय, कारण हा आरोप करणाऱ्यांत मी स्वतः एक होतो.

झालं असं. माझ्याकडे २०० लिटरची टाकी आहे. आत दगड-वाळू धरून खरं पाणी १६० लिटर. हॅचरीत वाढवलेली क्लाउनफिशची जोडी आहे. एका मे महिन्यात आमच्याच वाड्यावरच्या एका काकांकडून सहा कॅन पाणी घेतलं. माझ्याकडे काचेचं तरंगतं हायड्रोमीटर होतं. त्यात आकडा आला १.०२३ आणि १.०२४ च्या मधे. पुस्तकात वाचलेलं, समुद्राचं पाणी १.०२६. झालं! मी काकांच्या घरी जाऊन चार लोकांसमोर बोललो. काका एवढंच म्हणाले, "पोरा, चाळीस वर्षं हे पाणी माझ्या तोंडात जातंय. तुझ्या काचेला विचार, समुद्राला कशाला विचारतोस?"

मी ऐकलं नाही. टाकीत विकतचं समुद्री मीठ घालून आकडा १.०२६ वर आणला. मग दोन क्लीनर कोळंब्या विकत आणल्या, पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगवली आणि सोडल्या. सकाळी दोन्ही तळाशी आडव्या. क्लाउनफिश जिवंत, पण कल्ले भराभर हलत होते आणि खात नव्हते.

त्या आठवड्यात रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणारा भाचा घरी आला. त्याच्याकडे नीट जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर होता. काकांच्या उरलेल्या कॅनमधलं पाणी ३५ निघालं. अगदी समुद्राचं. माझी टाकी ३८.५. म्हणजे काकांचं पाणी चोख होतं, मीच ते बिघडवलं.

चूक कुठे झाली ते समजून घ्यायचं तर आधी आकड्यांबद्दल थोडं बोलू.

खारेपणा ३५ म्हणजे एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम विरघळलेले क्षार. यालाच ३५ पीपीटी म्हणतात. त्यात सगळं खायचं मीठ नसतं. क्लोराईड सुमारे १९.४ ग्रॅम आणि सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम, ही दोन मिळून मोठा वाटा. पण सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, शिवाय कॅल्शियम, पोटॅशियम वगैरेही असतात. चॅलेंजर नावाचं जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरलं, त्यावरून आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापला. खुल्या समुद्रात पाणी कमी खारं असो की जास्त, या क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ तेच राहतं. म्हणून प्रत्येक क्षार वेगळा मोजायची गरज पडत नाही. पाण्याचा एकच गुण मोजला की बाकीचा हिशोब बांधता येतो. पाणी किती जड आहे ते मोजा, प्रकाश किती वाकवतं ते मोजा, नाहीतर वीज किती वाहून नेतं ते मोजा. बाजारातली सगळी मापकं या तिघांपैकी एकच काहीतरी करतात. खारेपणा थेट कोणीच मोजत नाही. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण घोटाळा इथूनच सुरू होतो.

३५ पीपीटीच्या पाण्याची घनता २५ अंशांवर, त्याच तापमानाच्या गोड्या पाण्याशी तुलना केली तर १.०२६४ येते. वीज वाहून नेण्याचा आकडा २५ अंशांवर साधारण ५३ मिलिसीमेन्स. बरेच टाकीवाले "१.०२५ ठेवलंय" म्हणतात, तेव्हा प्रत्यक्षात ३३ च्या आसपास असतात. त्यात माशांचं काही बिघडत नाही, पण आपण ३५ वर आहोत असा समज करून घेऊ नये.

आता हायड्रोमीटर.

पाणी तापलं की फुगतं आणि हलकं होतं. खारेपणा तोच, वजन कमी. माझ्या काचेच्या नळीत आत जी कागदाची पट्टी आहे, तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं ६०/६०. मी ते तीन वर्षांत कधी वाचलंच नव्हतं. याचा अर्थ हे मापक ६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे १५.६ सेल्सियसला बरोबर आकडा दाखवायला बनवलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी २८-२९ अंश. तेवढ्या गरम पाण्यात अस्सल ३५ पीपीटी असलं तरी ही नळी १.०२३ ते १.०२४ च्या मधेच दाखवणार. काकांच्या पाण्यात तिने नेमकं तेच दाखवलं होतं! ती खरं बोलत होती, मला तिची भाषा कळत नव्हती. आणि आकडा ओढून १.०२६ ला नेला, म्हणजे पाणी ३८ च्या वर गेलं.

म्हणून ज्यांच्याकडे काचेचं हायड्रोमीटर आहे त्यांनी आज घरी गेल्यावर पहिलं काम करा. चष्मा लावा, पट्टीवर कोणतं तापमान लिहिलंय ते बघा. २५ अंशांसाठी बनवलेलीही मिळतात, ती आपल्या हवेत बरी. ६०/६० असेल तर फेकू नका, पण सोबत तापमानाचा तक्ता वापरा. किंवा त्याहून सोपं म्हणजे खाली सांगतो तसं ओळखीच्या पाण्यात एकदा बुडवून तुमच्या टाकीच्या तापमानाला ती काय दाखवते ते लिहून ठेवा. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत हवा. काचेपाशी पाणी किंचित वर चढतं, ती चढलेली कड वाचायची नाही. सपाट पातळी वाचायची.

प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात हलणारा काटा, असं मापक दुकानदार टाकीसोबत गळ्यात मारतात. त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारं दिसतं. महिन्याभराने काट्यावर मिठाचा किंवा चुन्याचा थर बसला की तो जड होऊन खाली राहतो आणि पाणी फिकं दिसतं. एकाच डब्यात दोन्ही चुका, विरुद्ध दिशेच्या. वापरायचंच असेल तर भरल्यावर डबा टिचकी मारून बुडबुडे काढा, दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, आणि त्याच्या भरवशावर कोणाशी भांडू नका.

मधेच एक गोष्ट. आमच्या घरी आजी लोणच्याच्या खाराची परीक्षा अंड्याने करायची. अंडं तरंगलं की खार बरोबर. एका सभासदाने मला विचारलं, तीच युक्ती टाकीला चालेल का? नाही चालणार. ताजं अंडं पाण्यापेक्षा सुमारे ८ टक्के जड, समुद्राचं पाणी अडीच टक्के जड. समुद्रात ताजं अंडं बुडतंच. टाकीत अंडं तरंगलं तर समजा मासे कधीच गेलेत.

आता रिफ्रॅक्टोमीटर. दुर्बिणीसारखी ती छोटी नळी. एका टोकाला तिरकी निळी काच आणि वर प्लॅस्टिकचं झाकण. दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आत बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तो आकडा. हल्ली बहुतेकांकडे हाच आहे, आणि बहुतेकांचा चुकीचा जुळवलेला आहे. माझ्या अंदाजाने नव्हे, गेल्या वर्षी मी आणि भाच्याने ओळखीतले सात तपासले, त्यातले पाच चुकले.

सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की गोडं पाणी टाका आणि स्क्रूने शून्यावर आणा. लोक तेवढंच करतात. शून्य बरोबर आलं म्हणजे ३५ पण बरोबर असणार, असं धरून चालतात. पण विचार करा. वजनकाटा रिकामा असताना शून्य दाखवतो म्हणून तो ३५ किलोचं पोतं बरोबर तोलेल का? दुकानात काटा तपासायला येतात ते शून्य बघून जात नाहीत, वजन ठेवून बघतात. आपल्यालाही ३५ चं 'वजन' ठेवायला हवं.

आणि इथे आणखी एक भानगड आहे. यातली बरीच मापकं समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेलीच नसतात. ती साध्या मिठाच्या पाण्यासाठी, म्हणजे खाद्य कारखान्यातल्या खारवणासाठी असतात आणि तीच टाकीवाल्यांना विकली जातात. वर सांगितलं तसं, समुद्रात मिठाशिवाय मॅग्नेशियम-सल्फेटही असतं. त्यामुळे ३५ पीपीटीचं समुद्राचं पाणी प्रकाश जेवढा वाकवतं, तेवढा वाकवायला साध्या मिठाचं ३६.५ पीपीटीचं द्रावण लागतं. म्हणजे अशा मापकाला गोड्या पाण्याने शून्य केलंत, तर अस्सल समुद्राच्या पाण्यात ते ३६.५ दाखवणार. आणि तुम्ही टाकी त्याच्या ३५ वर आणलीत, तर प्रत्यक्षात साडेतेहतीस. चूक फार मोठी नाही, मान्य. पण त्यात गरम हवेची चूक मिसळली, स्क्रू हललेला असला, काच मळलेली असली, की चार-पाचचा फरक सहज पडतो.

यावर उपाय घरात आहे. वजनकाटा, मीठ, डिस्टिल्ड पाणी.

डिस्टिल्ड पाणी कुठून आणायचं? इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, कुठल्याही गॅरेजवर मिळतं. बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड लिहिलेलं हवं. बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये मिळतं, ते चुकूनही आणू नका. नळाचं पाणी वापरलं तर? आपल्या नळाला ०.२ किंवा ०.३ पीपीटी क्षार असतील, तेवढीच चूक. जग बुडणार नाही, पण विहिरीचं, त्यातून किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी नको. मे महिन्यात त्या विहिरी मचूळ होतात हे तुम्हाला सांगायला नको.

मीठ साधं, बारीक, पाकिटातलं. आयोडीनयुक्त चालतं. आयोडीन इतकं कमी असतं की मापात दिसत नाही. कमी सोडियमवालं मीठ नको, त्यात पोटॅशियम असतं. सैंधव नको. आणि आपल्या मिठागरातलं खडे मीठ जेवणाला कितीही चांगलं असलं, तरी इथे नको. त्यात ओल असते, मॅग्नेशियमही असतं, आणि ओल किती ते आपल्याला कळत नाही. पावसाळ्यात पाकिटातलं मीठही ओलावतं, तेव्हा ते तव्यावर पाच मिनिटं गरम करून, थंड करून मग तोला.

आता तोलायचं. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम पाणी, मिळून एक किलो. पण स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, आणि इथे एक ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे एक पीपीटीची चूक. म्हणून दुप्पट करा. ७३ ग्रॅम मीठ, १९२७ ग्रॅम पाणी, बरोबर दोन किलो. पाणीसुद्धा तोलायचं, लिटरच्या मापाने मोजायचं नाही. ढवळा, पूर्ण विरघळू द्या. मीठ तळाशी पांढरं दिसत असेल तर थांबा. मग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. बाटलीवर मार्करने लिहा, 'रिफ्रॅक्टोमीटर ३५, पिऊ नये', आणि तारीख. झाकण सैल राहिलं की पाणी उडतं आणि तुमचं ३५ गुपचूप ३६ होतं. मी दर दोन महिन्यांनी नवं करतो. मीठ काय महाग आहे?

या द्रावणाचे दोन थेंब टाका आणि स्क्रू फिरवून रेषा ३५ वर आणा. मापक समुद्राच्या पाण्याचं असो की साध्या मिठाचं, ३५ वरच आणायचं. साध्या मिठाच्या मापकात ते मुळात ३६.५ च्या जवळ दिसेल, तरी गोंधळू नका, ३५ वर ओढा. मग गंमत म्हणून डिस्टिल्ड पाणी टाकून बघा. रेषा शून्याच्या खाली जाईल, एक-दीड. घाबरून परत शून्यावर आणू नका! बऱ्याच जणांनी हे करून सगळी मेहनत वाया घालवलीय. तुमची टाकी शून्यावर चालत नाही, ३५ वर चालते. मापक तिथे खरं बोललं म्हणजे झालं.

विकतचं तयार द्रावण मिळतं तेही चालेल, मात्र बाटलीवर ते रिफ्रॅक्टोमीटरसाठी आहे असं लिहिलेलं बघून घ्या. हायड्रोमीटर तपासायचं असेल तर घरचं द्रावण थोडं वेगळं लागतं, कारण वजन आणि प्रकाश यांचा हिशोब सारखा नाही. त्यासाठी एक किलोत ३७.१ ग्रॅम मीठ, म्हणजे दोन किलोत ७४ ग्रॅम आणि १९२६ ग्रॅम पाणी. ते टाकीच्या पाण्याइतकं गरम झाल्यावर नळी त्यात सोडा. जो आकडा येईल तो तुमच्या नळीचा '३५'. तो आकडा भिंतीवर लिहा. बस. हे कुठलंच द्रावण टाकीत ओतायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

वापरण्यातल्या काही गोष्टी. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, म्हणजे थेंब आणि काच एकाच तापमानाला येतात. झाकणाखाली बुडबुडा नको, कोरडा कोपरा नको. ट्यूबलाइट किंवा मोकळ्या आभाळाकडे बघा, सूर्याकडे नाही. रेषा धूसर दिसली तर काच मळलीय, गोड्या पाण्याने धुवा, जुन्या मलमलच्या फडक्याने टिपा. तापमान आपोआप जुळवणारी मापकं साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच तसं करतात. दुपारी जेटीवर, तापलेल्या होडीत ती ३० च्या वर जातात. म्हणून कॅनचं पाणी जेटीवर मोजून तिथेच वाद घालू नये. घरी आणा, सावलीत तासभर ठेवा, द्रावणही त्याच टेबलावर ठेवा, मग दोन्ही बघा. आणि हो, मोजायच्या आधी दर वेळी द्रावणाचा थेंब टाकून बघायची सवय लावा. हातातून एकदा पडलं की स्क्रू हलतो.

विजेवर चालणारी मापकंही आहेत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी खारेपणा विजेच्या वहनावरूनच काढतात, आणि ती पद्धत सगळ्यात नेमकी. घरासाठी मिळणारं पेन त्याच जातीचं, पण दोन गोष्टी सांभाळा. पहिली, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरवाल्याकडचं टीडीएस पेन यात धरू नका, समुद्राचं पाणी त्याच्या मापाच्या पार बाहेर जातं. दुसरी, पेनसोबत १४१३ मायक्रोसीमेन्सची पुडी किंवा बाटली येते, ती गोड्या पाण्यासाठी. समुद्रासाठी ५३ मिलिसीमेन्सच्या द्रावणाने जुळवावं लागतं. शून्याचीच गोष्ट परत. जिथे मोजायचंय तिथेच जुळवा.

हे एवढं नेमकं कशाला, मासे तर खाडीतही राहतात, असं कोणी म्हणेल. तर तामसा, शेवटो खाडीत वरखाली करतात, त्यांचं शरीर तसं बनलेलं आहे. क्लाउनफिश प्रवाळात राहणारा. हाडाच्या माशांच्या अंगातला खारेपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो. तो राखायला मासा सतत समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. बाहेरचं पाणी जास्त खारं झालं की ही मेहनत वाढते, म्हणून माझ्या जोडीचे कल्ले तसे हलत होते. क्लीनर कोळंबी, तारामासा यांना ही सोय फारशी नाही. दुकानाच्या पिशवीतल्या ३३ मधून ३८.५ मध्ये पंधरा मिनिटांत टाकलं, तर त्यांचं काय होणार? पिशवी तरंगवून फक्त तापमान जुळतं, खारेपणा जुळत नाही. त्यासाठी पिशवीतलं पाणी मोजा, आणि टाकीचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडत तासभर तरी जाऊ द्या. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर काही जण वेगळ्या टाकीत फक्त माशांना १.००९ वर, म्हणजे १२ पीपीटीवर ठेवतात. तिथे तर दोन-तीनची चूकही चालत नाही. पाणी खारं राहिलं तर रोग मरत नाही, फार गोडं झालं तर मासा मरतो. ६०/६० ची नळी घेऊन तो उपचार करू नका.

टाकीतला खारेपणा बदलतो तो मुख्यतः पाणी उडून. मीठ उडत नाही. उघडी टाकी, वर पंखा, उन्हाळा, रोज दोन लिटर सहज जातात. १६० लिटरच्या टाकीत आठवडाभर भर घातली नाही तर ३५ चे ३८.४ होतात. आणि ही भर गोड्या पाण्याची हवी. समुद्राचं पाणी आहे घरात म्हणून तेच ओतलं, तर आठवड्यात ३८ होतं, फरक जवळजवळ काहीच नाही. टाकीच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीची खूण करा, रोज तिथपर्यंत गोडं पाणी. मोजायचं ते भर घालून, पाणी फिरल्यावर अर्ध्या तासाने.

जास्त झालं असेल तर हिशोब सोपा आहे. माझ्या ३८.५ चे ३५ करायला १६० मधलं साडेचौदा लिटर खारं पाणी काढून तेवढं गोडं घालायचं होतं. एकदम नाही. मी चार दिवस रोज पावणेचार लिटर बदललं. कमी झालं असेल तर आणखी सोपं. रोज उडणाऱ्या दोन लिटरच्या जागी गोड्याऐवजी समुद्राचं पाणी घाला, दिवसाला अर्ध्याहून थोडं कमी चढतं, ३३ चे ३५ व्हायला चार-पाच दिवस. टाकीत कोरडं मीठ ओतू नका, मी केलं ते करू नका.

आता पाणी आणणाऱ्या सभासदांसाठी. आपलं पाणी नेहमीच ३५ असतं असंही नाही. मांडवी-झुवारीच्या तोंडाशी पावसाळ्यात वरचा थर जवळजवळ गोडा होतो, खारं पाणी जड म्हणून खाली राहतं. सुकतीला नदीचं पाणी बाहेर येतं, भरतीला समुद्र आत. म्हणून मे महिन्यातलं, भरतीचं, नदीच्या तोंडापासून लांब, किनाऱ्यापासून बाहेर भरलेलं पाणी चांगलं. पाऊस सुरू झाल्यावर टाकीसाठी पाणी द्यायचं बंद करा, मागितलं तरी. कॅन भरल्यावर त्यावर तारीख, जागा आणि भरती की सुकती, एवढं लिहा. डिझेलचा कॅन धुऊन वापरू नका, वास गेला तरी तेल जात नाही. आणि टाकीवाल्यांनी जिवंत प्रवाळ किंवा समुद्रघोडा मागितला तर थेट नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. जाळ्यात जिवंत आला तर परत सोडायचा.

काकांकडे मी परत गेलो. त्या वेळी जे चार लोक होते, ते हजर असतानाच गेलो. काकांनी फार ताणलं नाही. रिफ्रॅक्टोमीटर हातात घेऊन, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, "यात पाऊस कधी येणार ते दिसतं काय?" त्यांच्या कॅनवर आता तारीख असते.

द्रावणाची एक बाटली संस्थेच्या कार्यालयात काट्याच्या शेजारी ठेवलीय. रविवारी सकाळी आठ ते दहा मी तिथे असतो. आपापलं मापक आणि टाकीचं पाणी छोट्या स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून आणा. पाणी फिकं असल्याची तक्रार कोणाची असेल, तर त्यांनी कॅनमधलं पाणीही आणावं आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाही सोबत आणावं.